सहाव्या कोपऱ्याची तार

१२ मार्च

आजपासून सगळं लिहून ठेवायचं. ऑफिसच्या संगणकावर नाही. तिथं कोण काय वाचतं याचा पत्ता लागत नाही. ही वही घरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहील आणि ड्रॉवरच्या फटीत कागदाचा कपटा अडकवलेला असेल. कपटा खाली दिसला की समजायचं, कोणीतरी उघडला.

कारण आमच्या कामात कुठंतरी पाणी मुरतंय.

उद्या ही वही पुरावा म्हणून दाखवायची वेळ आलीच, तर वाचणाऱ्यासाठी थोडक्यात. विमानाच्या पोटाखाली आम्ही रडार बसवलं आहे. विमान सरळ रेषेत उडतं, रडार बाजूच्या जमिनीवर लहरी सोडतं, आणि परत आलेल्या लहरींतून आम्ही जमिनीचं चित्र काढतो. ढग असोत, अंधार असो, चित्र येतंच. महिन्याभरानं पुन्हा त्याच रेषेवर उडायचं आणि दोन चित्रं एकमेकांवर ठेवायची. जमीन बोटभर जरी हलली असेल तरी कळली पाहिजे, हा आमचा दावा. त्यापायी माझी नऊ वर्षं गेली. जूनमध्ये समितीसमोर प्रात्यक्षिक आणि ऑगस्टात मी निवृत्त.

चित्र खरं की खोटं हे ताडायला जमिनीवर पक्क्या खुणा लागतात. ॲल्युमिनियमचे तीन पत्रे काटकोनात जोडून केलेले, कमरेएवढ्या उंचीचे सहा कोपरे नदीकाठच्या टेकडीच्या उतारावर रोवलेले आहेत. चित्रात ते लख्ख ठिपक्यांसारखे दिसतात. जागा मी निवडली, मोजमाप मी केलं, सही माझी. नवीचं म्हणणं होतं, की त्यातले दोन नदीपलीकडच्या खडकावर ठेवावेत. नवी म्हणजे आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी. विमानाच्या हेलकाव्यांचा हिशेब ती बघते. मी म्हटलं, पलीकडे जायला पुलावरून तीन किलोमीटरचा वळसा, वेगळी परवानगी, वेगळा राखणदार. कशाला उगाच.

पहिलं उड्डाण फेब्रुवारीत झालं, दुसरं परवा. सहाही ठिपके नदीच्या बाजूला बोटभर सरकलेत.

रडार चुकलेलं नाही, त्याचा स्क्रू न् स्क्रू मला पाठ आहे. म्हणजे कोपऱ्यांना कोणीतरी हात लावलाय.

१४ मार्च

उतारावर जाऊन आलो. पायथ्याशी जुन्या पंपघराच्या कामगारांसाठी बांधलेल्या अकरा घरांची ओळ आहे. शेवटच्या घरात आमची राखणदार बाई राहते. नोकरीबरोबर मिळालेलं घर आहे, नोकरी गेली की घरही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे. काम काय, तर कोपऱ्यांभोवतीचं गवत कापायचं आणि पत्र्यांवरची पक्ष्यांची घाण पुसायची.

मी सरळ विचारलं. ती म्हणाली, ओल्या फडक्याशिवाय पत्र्याला काही लावत नाही. चेहरा अगदी साळसूद. मग दुसरीकडेच वळली: दार लागत नाही, सुताराकडून दोनदा तासून घेतलं तरी पुन्हा अडतं. शेजारच्यांच्या ओट्याला चीर पडलीय, खाली रस्ता रुंद करायला टेकडीचा पाया खणल्यापासून नळाला गढूळ पाणी येतं. मी म्हटलं, बाई, मी सुतार नाही नि पाणीवालाही नाही. कोपरे हललेत. तुम्ही हलवले नाहीत याला पुरावा काय?

ती पुन्हा दाराकडेच बघायला लागली. विषय बदलण्याची कला काही जणांना जन्मजात असते.

२१ मार्च

उपाय सापडला. ठिपके जिथं असायला हवेत तिथं धरायचे आणि सगळं चित्र त्यांच्यावर बेतून बसवायचं. कोपरे कोणी हलवो न हलवो, माझं माप कागदावर पक्कं आहे. तसं केलं आणि सहाही ठिपके मुकाट जागेवर आले.

रस्तेवाल्यांचं पत्र आलं होतं: तुम्ही उतारावरून उडताच आहात तर तो स्थिर आहे की नाही तेवढं कळवा. संचालकांनी माझ्याकडे पाठवलं. दुरुस्त चित्र बघून मी ‘उतार स्थिर आहे’ असं लिहून सही केली. पाच मिनिटांचं काम.

घरी आलो तर कपटा जमिनीवर. ही म्हणाली, कात्री शोधत होते. कात्री गेली एकतीस वर्षं स्वयंपाकघरात असते.

२ एप्रिल

नवी आज माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं. (का लोटलं?) म्हणाली, “सर, तुमच्या दुरुस्त चित्रात नदीपलीकडची शाळा सरकलीय.”

“शाळा काय चालत गेली?”

“तेच म्हणतेय मी. शाळा खडकावर आहे.”

मी विचारलं, विमानाच्या हेलकाव्यांची फाईल कोणाच्या ताब्यात असते? म्हणाली, माझ्या. मग शाळा तुझ्या फाईलमुळेच चालली असणार, असं मी शांतपणे सांगितलं. तिचे कान लाल झाले. मनात चोर असल्याशिवाय कान लाल होत नाहीत.

मी काही मूळचा असा नव्हतो. वीस वर्षांपूर्वी माझ्या शेजारी बसणाऱ्यानं माझी ॲन्टेनाची रचना स्वतःच्या नावावर सभेत वाचून दाखवली, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी कानाला खडा लावला. आता जूनचं प्रात्यक्षिक फसलं तर कोणाकोणाचं फावेल, याची यादी माझ्या डोक्यात आहे. आमच्याच कामाची मागणी मिळवायला टपलेली दुसरी कंपनी आहे. तिनं नवीला फोन केला नसेल कशावरून?

३ एप्रिल

चहावाला आज न बोलावता दोनदा खोलीत आला. दुसऱ्या वेळी माझ्या पडद्याकडे बघत होता.

११ एप्रिल

तिसरं उड्डाण. दुरुस्तीआधी ठिपके आणखी दीड बोट सरकलेले, त्याच दिशेला. वरचे कोपरे जास्त, खालचे कमी. हे करणारा माणूस हुशार आहे, सगळे सारखे हलवत नाही.

लगेच उतारावर गेलो. आणि काय बघतो, तर सहाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या कोपऱ्याच्या खांबापासून बाईच्या दाराच्या चौकटीपर्यंत तार ओढलेली! चाळीस पावलांची तार, टोकाला पीळच पीळ. विचारल्यावर बाई म्हणाली, “तुम्हीच पुरावा मागितलात ना साहेब. ताठ तार बांधून ठेवली, म्हणजे कोपरा जागचा हलला तर कळेल. पण ती सैल पडते. मी पुन्हा पीळ देऊन ताणते, पुन्हा सैल पडते.” पिळांच्या तारखा तिनं मुलीच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहिल्यात. सोळा पीळ झालेत.

मी म्हटलं, उन्हानं तार वाढते, हे शाळेतलं पोर सांगेल. आणि कोपऱ्याला तार बांधून रोज ताणायची, वर म्हणायचं हात लावत नाही!

निघताना ती म्हणाली, गेल्या रविवारी त्या चष्मेवाल्या ताईपण आल्या होत्या, त्यांनी वहीचे फोटो काढले. नवी! मला न सांगता! रविवारी!

म्हणजे दोघींचं संगनमत आहे. आता माझ्याकडे धागा आहे.

१५ एप्रिल

संचालकांकडे लेखी तक्रार दिली. राखणदार बाईनं खुणांशी छेडछाड केली, नवीनं परवानगीशिवाय जागेला भेट दिली. संचालकांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, म्हणाले, प्रात्यक्षिक तोंडावर आहे, तुम्हाला ज्यांचा त्रास होतो त्यांना बाजूला करू. बाईला नोकरीवरून कमी केल्याची आणि एकतीस मेपर्यंत घर सोडण्याची नोटीस. नवीची रवानगी अहवाल छापण्याच्या विभागात.

बरं वाटायला हवं होतं. ही जेवताना म्हणाली, त्या बाईला मुलगी केवढी आहे हो? मी म्हटलं, दहावीला असेल. हिला मुलीचं कोणी सांगितलं ते विचारायचं राहिलं.

१७ एप्रिल

नवी जाताना टेबलावर एक पाकीट ठेवून गेली. “सर, एकदा फक्त बघा. बघून फाडा.” मी उघडणार नाही. असल्या पाकिटात काय असतं ते मला कळतं: समजूत, गयावया, नाहीतर धमकी. वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवलंय.

२९ एप्रिल

सहाही कोपऱ्यांच्या प्रत्येक बोल्टवर स्वतःच्या हातानं लाल रंगाची रेघ मारली, वरून लाखेचा ठसा. आता बोल्ट केसभर फिरला तरी लाख तडकेल. बाई ओट्यावर बसून भांडी खोक्यात भरत होती. तिनं पाणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही. तार अजून होती. कापून टाकावीशी वाटली, पण म्हटलं, पुरावा आहे, राहू दे.

विजेचा खांब मघापासून डोळ्यांना खटकत होता. जरा कललेला आहे. वीजमंडळाचं कामच तसलं.

१० मे

चौथं उड्डाण झालं. दुपारी लाख तपासायला गेलो. एकही ठसा तडकलेला नाही. रंगाच्या रेघा जशाच्या तशा.

आणि ठिपके तीन बोटं सरकलेत.

बाई नाही, नवी नाही. नवी तर तीन आठवडे छापखान्यात शाई बघतेय. मग उरलं विमान. मी कप्तानाला गाठून विचारलं, रेषा सोडून उडतोस का, कोणी सांगितलंय का तुला तसं? तो पोट धरून हसला. म्हणाला, साहेब, मला घरची बायकोसुद्धा काही सांगत नाही. त्याचं हसणं मला पटलं नाही, जरा जास्तच वेळ चाललं होतं.

२३ मे

चार दिवस पाऊस लागून आहे. उड्डाण नाही. मी घरीच आकडे घेऊन बसलोय. जेवायला दोनदा हाक मारली म्हणे, ऐकू आली नाही. शेवटी ही माझ्यासमोरचा कागद उचलून घेऊन उभी राहिली.

म्हणाली, “अहो, बाईवर संशय घेऊन झाला, त्या पोरीवर झाला, कप्तानावर झाला, बिचाऱ्या चहावाल्यावरसुद्धा झाला. आता त्या टेकडीवर तेवढा घ्यायचा राहिलाय.”

आधी मनात आलं, चहावाल्याचं हिला कसं कळलं? ते मी कोणाशीच बोललो नव्हतो.

मग टेकडीचं ऐकू आलं.

पाकीट काढलं, फाडलं. दोनच चित्रं होती. नवीनं कोपरे सोडून दिले होते आणि शाळा जागेवर धरून चित्र बसवलं होतं. शाळा स्थिर, पूल स्थिर, पलीकडचा सगळा काठ स्थिर. आणि आमची टेकडी खाली निघालेली. वरचा भाग जास्त, खालचा कमी, सगळी पायथ्याच्या अकरा घरांच्या दिशेनं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: बाईंची तार पहाटेच्या गारव्यातही सैलच पडते सर, आखडत नाही. मोजून बघा.

नऊ वर्षं मी जे यंत्र जमिनीची हालचाल दिसावी म्हणून बनवलं, त्यानं पहिल्याच महिन्यात ती दाखवली. मी ती दर वेळी पुसली. दुरुस्ती म्हणून पुसली, आणि रस्तेवाल्यांना सहीनिशी कळवलं, की उतार स्थिर आहे. त्यांनी तो कागद बघून पायथा आणखी कापला असणार. बाईनं दार सांगितलं, ओटा सांगितला, नळाचं पाणी सांगितलं. मी म्हटलं, मी सुतार नाही.

संचालकांना फोन लावला. ते म्हणाले, उद्या सकाळी बोलू, उद्या रविवार आहे, परवा बोलू. रस्तेवाल्यांकडे कोणी फोन उचलत नाही.

२४ मे

सकाळी आठलाच नवीच्या घरी गेलो. तिच्या आईनं दार उघडलं आणि उघड्या फटीतून मला न्याहाळत राहिली. मुलीनं माझं वर्णन केलेलं असावं. नवी आली. मी म्हटलं, तुझं बरोबर होतं. आणखी बरंच म्हणायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. ती चपला घालत म्हणाली, “सर, ते नंतर. आधी तिकडे चला.”

अकरा घरांतली माणसं पंपघराच्या पडवीत जमवायला तास लागला. मी सांगितलं: टेकडी खाली येतेय, आजच्या आज घरं सोडा, नदीपलीकडच्या शाळेत सोय करतोय. हेडमास्तरांनी किल्ली दिलीय.

कोणी हललं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मार्चात तुमच्याच सहीचा कागद रस्तेवाल्यांनी आम्हाला दाखवला, उतार पक्का आहे म्हणून. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? दुसरा म्हणाला, रस्त्याला आमची जागा हवीय, यांना पुढे घातलंय. एका बाईनं विचारलं, या शेवटच्या घरवालीला बाहेर काढलंत, आता उरलेल्या दहांना काढायचं राहिलं का? मागून कोणीतरी हसलं. मी चित्रं दाखवली. त्यांच्या दृष्टीनं ती काळी-पांढरी रांगोळी होती, आणि कागद तर मी मार्चातही दिला होता.

मी त्यांचे चेहरे बघत होतो. प्रत्येक चेहऱ्यावर तेच होतं, जे मी गेले अडीच महिने आरशात बघत होतो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हललो नसतो.

मग राखणदार बाई पुढे आली. माझ्याकडे बघितलंही नाही.

म्हणाली, “या माणसावर विश्वास ठेवू नका. मीही ठेवत नाही. यांनी माझी भाकरी घालवली. पण तार माझी आहे.” तिनं वही म्हाताऱ्यांच्या हातात दिली. “एक्केचाळीस पीळ दिलेत. परवापासून रोज तीन द्यावे लागतात. आज सकाळी दिलेला पीळ आताच जाऊन बघा.”

म्हातारे काठी टेकत गेले, बाकीचे त्यांच्या मागे. दोन तासांपूर्वी ताणलेली तार मधोमध लोंबून गवताला टेकली होती. म्हाताऱ्यांनी ती बोटानं उचलली, सोडली. ते वळले आणि सुनेला म्हणाले, आधी गॅसची टाकी काढ.

बाईची खोकी तेवढी भरलेली होती, नोटिशीमुळे. तिचं सामान सगळ्यात आधी निघालं. एक खोकं मी उचलायला गेलो तर तिच्या मुलीनं माझ्या हातातून काढून घेतलं.

२६ मे

सकाळी पावणेअकराला टेकडी आली. मी शाळेच्या व्हरांड्यात होतो. आवाज फार मोठा नव्हता, ट्रकमधून खडी ओततात तसा, पण थांबतच नव्हता. सात घरं गेली. शेवटचं त्यात होतं. माणूस एकही नाही. म्हाताऱ्यांनी वहीच्या मागच्या पानावर नावं लिहून ठेवली होती, ती तीनदा वाचली, तिन्ही वेळा सगळी भरली.

बाई कठड्याला धरून बघत होती. मी शेजारी जाऊन म्हटलं, बाई, चूक माझी होती. ती म्हणाली, माहीत आहे.

३० मे

संचालक खुश आहेत. आपल्या रडारनं अकरा कुटुंबं वाचवली, यापेक्षा मोठं प्रात्यक्षिक कोणतं, म्हणाले. भाषणात माझं नाव येणार आहे. त्यांचा आवाज इतका गोड आला की मला लगेच शंका आली. या वेळी शंका बरोबर होती: अहवालातून मार्चातला माझा सहीचा कागद गाळायचा होता.

मी तो पहिल्याच पानावर लावला. खाली लिहिलं, की रडारनं १० मार्चला हालचाल दाखवली, मी ती अडीच महिने पुसत राहिलो, कारण खुणा मी रोवल्या होत्या आणि त्यांच्यावर मी कधी शंका घेतली नाही. हालचाल ओळखली नवीनं, मोजली राखणदार बाईनं. बाईची वही जोडपत्र म्हणून लावली. तिची नोटीस रद्द करण्याचा अर्ज दिला. अर्जाचं कारण विचारणारा रकाना होता, तिथं ‘तक्रार खोटी होती’ असं लिहिलं. संचालक म्हणाले, तुमच्यामागे चौकशी लागेल, निवृत्तिवेतन अडकेल. लागू दे.

कपटा लावणं सोडलंय. हिला सांगितलं, वही वाचायची असेल तर टेबलावरच आहे. ही म्हणाली, कुठली वही?

३ जुलै

आज नदीपलीकडच्या खडकावर नवे कोपरे बसवले. कामाची प्रमुख आता नवी आहे; ती सांगते, मी ऐकतो, माझे अजून सात आठवडे आहेत. बाई पुन्हा कामावर रुजू झाली, राहते शाळेमागच्या खोलीत. तिचं दार नीट लागतं, हे मी स्वतः लावून पाहिलं.

पहिल्या कोपऱ्यापासून खडकातल्या खिळ्यापर्यंतचं माप घ्यायचं होतं. नवीनं टेप बाईच्या हातात दिली आणि दुसरं टोक मला धरायला सांगितलं. मी खिळ्यापाशी बसून टोक दाबून धरलं. बाईनं तिकडून ओरडून विचारलं, घट्ट धरलंय ना? मी म्हटलं, हो.

तिनं आकडा वाचला नाही. टेप खाली ठेवली, चालत माझ्यापर्यंत आली, वाकून माझं बोट बाजूला केलं, टोक खिळ्याला बरोबर टेकलंय का ते बघितलं, माझं बोट पुन्हा त्यावर ठेवलं आणि परत जाऊन माप घेतलं.

बोट हलू न देता बसून राहिलो.